न चाललेली रेष

आबांना ऑफिसात कुणी घाबरत नसे. पण त्यांच्यापुढे नकाशा टाकायची वेळ आली की भल्याभल्यांना घाम फुटे. नकाशा टेबलावर आला की ते आधी चष्मा काढत, नाक कागदाला टेकेल इतके वाकत, आणि मान वर न करता विचारत, "ह्याच्यावरनं चाललंय कोण?"

आणणारा म्हणे, "चालायचं काय त्यात, आबा? सॅटेलाईटवरनं घेतलाय."

"व्हय? त्येला पाय कवा फुटलं?"

आमचं ऑफिस कोल्हापुरातलं, सरकारी. डोंगर, जंगलं आणि गावं यांचे नकाशे तयार करणं हे काम. मी तिथे कंत्राटावर लागले तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं आणि हातानं नकाशा काढणारे आबा एकटेच उरले होते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. जुन्या कागदावरची कुठली खूण कशाची हे सांगणारं दुसरं कुणी नसल्यामुळे साहेब लोक त्यांना सांभाळून घेत.

शनिवारी सकाळी चंदगडची पहिली एसटी, सोमवारी सकाळी ऑफिस, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. कुणी पाठवलेलं नसे, भत्ता नसे. पावसाळ्यात जळवा लागू नयेत म्हणून ते मोज्यांत तंबाखूची भुकटी भरत आणि सोमवारी तेच ओले मोजे ऑफिसच्या खिडकीत वाळत घालत. एकदा बाहेरून तपासणीला मोठे अधिकारी आले. वासानं नाक दाबून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"चंदगड हाय, पावणं," आबा म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत राहिले.

लग्नपत्रिकेच्या मागे कार्यालयाचा रस्ता दाखवणारा छोटा नकाशा असतो. तो चुकलेला असला की आबा लाल पेनानं दुरुस्त करत आणि आहेराच्या पाकिटात घालून नवरीच्या बापाच्या हातात देत. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू सांगायच्या, "लग्न झाल्यावर आमी पन्हाळ्याला गेलतो. मी सूर्य बुडताना बघितला, ह्यांनी तटबंदी बघितली. घरी आल्यावर दोन बुरूज नकाशात चुकल्यात म्हणून सरकारला पत्र लिहीत बसले. माझ्याशी बोलले थेट दुसऱ्या दिवशी."

मी गडहिंग्लजकडची. घरात अर्धं बोलणं कन्नडमधून. माझ्या मराठीला आबा हसायचे, पण माझ्या हाताला नाही. ओढ्याचं वळण कसं घ्यायचं, शीव कुठे मोडायची, दोन उंचीच्या रेषा एकमेकींना का शिवत नाहीत, हे सगळं त्यांनी मला कागदावर शिकवलं आणि मी ते माऊसवर उतरवलं. ते म्हणायचे, "अक्षरावरनं जसा माणूस कळतोय, तसा रेषेवरनं बी कळतोय. तू वळणावर जरा थबकतीस. चांगलं हाय. घाई न्हाय तुला."

एका सप्टेंबरात ते मला चंदगडकडच्या एका गावी घेऊन गेले. गावाचं नाव इथे लिहीत नाही. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार आहे. तिथले लोक त्याला सडा म्हणतात. वर झाड नाही, शेत नाही. काळा, भोकाभोकांचा खडक आणि त्या दिवसांत त्यावर पसरलेली बोटभर उंचीची निळी-पिवळी फुलं. आबा एका जागी थांबले, पिशवी खाली ठेवली आणि सरळ पालथे पडून खडकाला कान लावला.

"ये. ऐक."

मी इकडे तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग मीही ओढणी आवरून आडवी झाले. खडक गार होता. बराच वेळ कान लावून ठेवला.

"आलं का ऐकू, पाणी?"

"नाही, आबा."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही."

ते उठले, गुडघे झटकले आणि फार खूश झाले. "मला बी येत न्हाय. तू व्हय म्हणाली असतीस तर उद्यापास्नं तुला शिकवायचं बंद केलं असतं."

मग त्यांनी मला सड्याच्या पायथ्याशी नेलं. तिथे दगडी कुंडात बायका पाणी भरत होत्या. हा झरा मे महिन्यातही आटत नाही, असं एक म्हातारी म्हणाली. आबांनी वर सड्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "वरनं पितोय, खालनं देतोय. एवढंच ध्यानात ठेव."

त्याच दगडात बॉक्साईट असतं. ॲल्युमिनियम त्यापासून बनतं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ऑफिसात एक फाईल आली. पश्चिम घाटातल्या ज्या गावांना पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून संरक्षण द्यायचं असं सरकारनं आधी ठरवलं होतं, त्या यादीचं आता "सुसूत्रीकरण" करायचं होतं. हा शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता. नंतर तो रोज ऐकला. सुसूत्रीकरण म्हणजे कुठली रेषा किती आत ओढायची, हे. आत ओढायच्या जागा कुणीतरी आधीच पिवळ्या रंगानं रंगवून पाठवल्या होत्या. त्यात तो सडा होता.

आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. हळू बोलत, शिपायालाही अहो म्हणत. त्यांनी बैठक घेतली, भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाले, "आबा, इथे झाड नाही, पीक नाही, वस्ती नाही. नोंदीला पडीक आहे. नुसता दगड आहे."

आबांनी पिशवीतून जांभ्याचा एक तुकडा काढला, साहेबांच्या चहाच्या बशीत ठेवला आणि साहेबांचा कपभर चहा शांतपणे त्यावर ओतला. चहा गडप झाला. सगळे हसले. साहेबही हसले. बैठक पुढे सुरू झाली. दहा मिनिटांनी बशी भरून चहा टेबलावर आला आणि हळूहळू फाईलच्या कडेला लागला.

"नुसता दगड हाय," आबा म्हणाले.

साहेबांनी फाईल उचलली, रुमालानं पुसली. "मुद्दा समजला मला. पण धोरण आपण ठरवत नाही, आबा. आपण फक्त नकाशा काढतो."

"मग मी न्हाय काढत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आबांना शिल्लक रजा घ्यायला सांगितलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "मग हे त्याआधी होऊन जाऊ दे," ते म्हणाले. एवढंच. ती धमकी होती की नुसती चौकशी, हे मला आजही सांगता येत नाही. 

काम चाळीस मिनिटांचं होतं. सड्याला वळसा घालून जाणारी रेषा होती. तिचे ठिपके एकेक करून मी खाली सरकवले, पायथ्याशी आणून ठेवले. सडा बाहेर गेला. झरा आत राहिला. पाण्याला संरक्षण मिळालं आणि ज्या दगडातून ते येत होतं तो मोकळा झाला. वळणं टोकदार दिसत होती म्हणून ती मी नीट करून घेतली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

 आबा रजेवरून परत आले त्या सोमवारी छापलेला नकाशा त्यांच्या टेबलावर होता. मी माझ्या जागेवरून बघत होते. त्यांनी चष्मा काढला. वाकले. बोट त्या रेषेवरून हळूहळू फिरवलं, वळणावर थांबवलं. मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. चष्मा घातला, नकाशाची घडी केली आणि शिपायाला म्हणाले, "चा सांग की रे. दोन सांग. तिला बी."

मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. भाषण करा म्हटल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "चपला झिजल्या तेवढं काम झालं. बाकीचं तुमी बघा." आणि बसले. मार्चमध्ये माझं कंत्राट वाढलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्या गावात खाणीसाठी जनसुनावणी लागली. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. पडद्यावर नकाशा दाखवायला साहेबांनी मला नेलं होतं. लॅपटॉप घेऊन मी स्टेजच्या कडेला बसले होते आणि कुणाशी नजर भिडू नये म्हणून सारखी वायर तपासत होते.

खाणीचा माणूस नोकऱ्यांविषयी बोलला. मग गावातला एक तरुण उठला. "मी कबनूरला यंत्रमागावर उभा असतोय. बारा-बारा तास. म्हयन्यातनं एकदा गावाकडं येतोय. हितं काम मिळालं तर घरचं जेवीन. त्यात वाईट काय हाय?" टाळ्या पडल्या. मलाही त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. त्याच्यामागून एक बाई उठली आणि म्हणाली, "घरी जेवशील बाबा, पण शिजवायला पाणी कुठनं आणू?" तिलाही टाळ्या पडल्या.

आणि मागून आबांचा आवाज आला. ते तिथे असतील हे मला माहीत असायला हवं होतं.

"त्यो पडद्यावरचा नकाशा हाय न्हवं, त्यातली ती लाल रेष. तिच्यावरनं चाललंय कोण?"

स्टेजवरचे मुख्य अधिकारी म्हणाले, "आमच्या तज्ज्ञांनी काढलाय तो नकाशा." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांनी बघितलं. मग सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.  एकच शब्द बोलायचा होता, 'नाही'; मी चालले नाही. सड्यावर पालथी पडून मी तोच शब्द दोनदा बोलले होते. मी लॅपटॉपच्या वायरीकडे बघत राहिले.

"तिला न्हाय इचारत मी," आबा म्हणाले. आवाज जरासा उतरला होता. "तिला ज्येनं सांगितलं, त्येला इचारतोय."

 अधिकाऱ्यांनी कागद बघितले. "आपण या गावचे रहिवासी आहात?"

"न्हाय."

"मग खाली बसा. आधी गावातल्या लोकांना बोलू द्या."

आबा बसले. मला वाटलं होतं ते भांडतील. ते मुकाट बसले, आणि महिन्याभरात त्या गावात राहायला गेले.

मंगळवार पेठेतलं स्वतःचं घर बंद करून, अठ्ठावन्न वर्षं ओलांडलेल्या माणसानं एका गोठ्याशेजारची खोली घेतली. रेशन कार्डावरचा पत्ता बदलला, मतदार यादीत नाव घातलं, ग्रामसभेत बसायचा हक्क मिळवला. काकू आधी म्हणाल्या, "मी काय वनवासाला यायची न्हाय." आठ दिवसांनी गॅसची शेगडी, कुकर आणि तुळशीची कुंडी घेऊन एसटीनं त्याही गेल्या.

मी जायचं टाळत होते. रोज ठरवायची, रोज काहीतरी निघायचं. साहेबांचा फोन आला की आता कुठली रेषा, असं मनात यायचं. शेवटी एका रविवारी गेले. आबा दारात भाताचं तूस पाखडत होते. उन्हानं काळे पडले होते. मी बसले आणि दम खाऊन म्हणाले, "आबा, ती रेष..."

"ठाऊक हाय."

"मला तुम्हाला सांगायचं होतं की..."

"वळणं बघितली. माझ्याच हातची हायत, मला कळायची न्हाईत?" त्यांनी सूप खाली ठेवलं. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू चूक केलीस, पोरी. त्यात लपवायला काय न्हाय. आता ती पुसता येतीया का, ते बघ. रडू नगंस. रडून वळण सुटत न्हाय."

आतून काकू ओरडल्या, "भात झाला!" आणि आबांनी कुकरकडे बोट दाखवून मला सांगितलं, "ह्यो बी त्याच दगडाचा. धातू नगंच असं मी म्हणत न्हाय. पण समद्या तालुक्याचं पाणी ज्या दगडात हाय त्योच पायजे म्हणणारा माणूस मला एकदा तरी तिथं चालताना दिसू दे."

खाणीविरुद्धच्या ठरावासाठी ग्रामसभा झाली तेव्हा मी नव्हते. काकूंनी फोनवर सांगितलं. आबांनी भाषण केलं नाही. आठवडाभर ते एकेका घरातल्या माणसाला सड्यावर नेत होते. कबनूरच्या त्या तरुणालाही नेलं. सभेत हात वर करायची वेळ आली. ठराव झाला, पण काठावर. त्या तरुणानं ठरावाच्या विरुद्ध हात वर केला. सभा संपल्यावर मात्र पाऊस लागला म्हणून आबांना मोटारसायकलवर बसवून खोलीपर्यंत त्यानंच सोडलं. दारात म्हणाला, "आबा, राग मानू नगा."

आबा म्हणाले, "तू खरं बोललास. राग कशाचा?"

ठराव वर गेला. वरून उत्तर आलं नाही. आलं नाही तेच बरं, असं गावात काहींना वाटे. मला मात्र उत्तर न येण्याचीच जास्त भीती वाटायची. दर सोमवारी टपाल उघडताना मी त्या गावाचं नाव शोधायची.

आबांनी तिथे दोन पावसाळे काढले. दुसऱ्या पावसाळ्यात श्रावण सरताना त्यांना ताप भरला. ते अंगावर काढत राहिले. कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा न्युमोनिया फुप्फुसात पसरला होता. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती. त्यांनी हातानं खूण करून मला जवळ बोलावलं. काहीतरी मोठं सांगतील असं वाटलं. ते नळी असतानाच पुटपुटले, "कुंडाच्या वरच्या बाजूला एक चीर पडलीया. बायकांना सांग, तिथं कपडे धुवू नगा म्हणावं." दोन दिवसांनी ते गेले. गावातून टेम्पो भरून माणसं आली. कबनूरचा तरुण आला होता. साहेबही आले होते, मागे उभे होते आणि लवकर गेले.

या वर्षी सरकारनं संवेदनशील गावांच्या यादीचा नवा मसुदा काढला. यादी आधीपेक्षा लहान आहे. नकाशा आमच्या ऑफिसातून गेलेलाच आहे. लाल रेष पायथ्याशी आहे, सडा बाहेर आहे. हरकती द्यायला मुदत होती. तिची तारीख मला पाठ होती आणि एकेक दिवस जात होता.

एका शुक्रवारी काकूंचा फोन आला. त्या अजून त्याच गावात राहतात. "बायका हरकती लिहालाग्यात. सरकारी भाषा कुणाला येत न्हाय. तू येऊन लिहून दे म्हणत्यात."

"मी सरकारी नोकरीत आहे, काकू."

"मला ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. 

मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. बायका एकेक करून येऊन बसत आणि सांगत. मी लिहीत होते. झऱ्याचं कुंड कुठे आहे, कोण किती हंडे भरतं, जनावरं कुठे पाणी पितात. छापील कागदावर एक रकाना होता, "हरकतदाराचा गावाशी संबंध." कुणी सांगे, सून. कुणी सांगे, माहेर. एक म्हातारी म्हणाली, "लिही, हितंच मरणार हाय." मी तसंच लिहिलं. त्यांच्या अंगठ्यांना शाई लावून लावून माझी बोटं निळी झाली.

दुपार कलली तेव्हा सगळ्या उठून घरी गेल्या. काकू गठ्ठा मोजत होत्या. एक कोरा कागद उरला होता. मी तो पुढे ओढला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला, ऑफिसचा नाही, घरचा. हरकत लिहिली, ती आता पाठच झाली होती. मग त्या रकान्यापाशी पेन थांबलं. मार्च जवळ आला होता, कंत्राट पुन्हा संपत होतं. मी उठून दाराशी गेले, परत आले, बसले. समोर शाळेच्या मैदानात सुनावणीच्या मांडवाचे खड्डे अजून बुजवलेले नव्हते.

"हरकतदाराचा गावाशी संबंध" याच्यापुढे मी लिहिलं, "या गावाचा सडा संरक्षणाच्या बाहेर टाकणारी रेषा मी काढली. ती काढण्यापूर्वी मी तिच्यावरून चालले नव्हते."

काकूंनी कागद घेतला. डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला, दोनदा वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो कागद त्यांनी माझ्यापुढे परत ठेवला.

"सही ऱ्हायली," त्या म्हणाल्या.

मी सही केली.